फळे अत्यावश्यक असली, तरी गाडीला सूट मिळत नाही

प्रश्न : मी सांगोला भागातून डाळिंबाची भाडी करतो. दोन ट्रक आहेत, दोन्ही एमएच १३ पासिंग, डिझेल, नॅशनल परमिट. एक २०१४ चा, दुसरा २०१९ चा. गेल्या नोव्हेंबरअखेर २०१४ ची गाडी आझादपूर मंडीला माल नेताना दिल्लीच्या हद्दीवर अडवली, चलन केले आणि मागे फिरवली. दुसरी गाडी मिळेपर्यंत तीन दिवस गेले, माल खराब झाला. आता बागायतदार भरपाई मागतो आहे. एजंटाने सांगितले होते की फळांना सूट आहे, शिवाय सोलापुरात बीएस-४ (भारत स्टेज-४, गाडीच्या धुराचे मानक; आकडा जितका मोठा तितके कडक) २०१० पासूनच होते, म्हणून गाडी बीएस-४ धरतात. चलन भरू की लढू? (एक वाहनमालक, सोलापूर)

उत्तर : एजंटाच्या दोन्ही बोलण्यांत अर्धे खरे आहे, आणि तुमचा घात त्या अर्ध्यानेच केला.

सोलापूरचे आधी पाहू. २०१० मध्ये ज्या १३ शहरांत बीएस-४ सर्वांत आधी लागू झाले, त्यांत दिल्ली, मुंबई, पुण्याबरोबर आपले सोलापूरही होते. पण आंतरराज्य किंवा नॅशनल परमिटवर धावणाऱ्या मालगाड्या त्या नियमातून वगळल्या होत्या. देशभर सर्व गाड्यांना बीएस-४ लागले ते १ एप्रिल २०१७ पासून. त्यामुळे २०१४ चा नॅशनल परमिटचा ट्रक बहुधा बीएस-३ च असणार. तर्क करत बसू नका. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) किंवा एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचे मानक लिहिलेले असते, ते पाहा.

आता सूट. दिल्लीत दोन वेगळे नियम एकाच वेळी चालतात. हवा बिघडली की टप्प्याटप्प्याने लागणाऱ्या निर्बंधांत, म्हणजे ग्रॅपमध्ये, अत्यावश्यक माल नेणाऱ्या गाड्यांना सवलत आहे. एजंटाने ऐकली ती हीच. १ नोव्हेंबर २०२५ पासूनची प्रवेशबंदी मात्र निराळी आहे आणि ती हवा कशीही असली तरी लागू असते. दिल्लीबाहेर नोंदलेल्या मालगाड्यांपैकी बीएस-६, सीएनजी, एलएनजी आणि इलेक्ट्रिक गाड्यांनाच आत सोडतात. बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुभा आहे. इथे गाडीत डाळिंब आहे की सिमेंट, हे कुणी विचारत नाही. दिल्लीत शिरणाऱ्या मालगाड्यांवरच्या हरित अधिभारातून फळे-भाजीपाल्याच्या गाड्यांना असलेली माफीही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये काढून घेतली.

शिवाय दिल्ली-एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी परिसरात, दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर वेगळी बंदी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा गाड्यांवर कारवाई थांबवली होती, पण डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतेच ठेवले. म्हणजे तुमची जुनी गाडी आता एनसीआरमध्ये नेणेही धोक्याचे. दिल्लीत शिरायचे नाही, बाहेरच माल उतरवू, हा विचार करत असाल तर सोडून द्या.

चलनावर मोटार वाहन कायद्याचे कलम ११५ आणि १९४(१) असेल, तर दंड २०,००० रुपये. आरसीवर बीएस-३ असेल तर लढण्यात अर्थ नाही, भरून मोकळे व्हा. बीएस-४ निघाले, तर मात्र भरू नका. आरसीची प्रत लावून न्यायालयात आव्हान द्या.

बागायतदाराचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे वर्षाचे पीक त्या क्रेटमध्ये होते. भाडे घेऊन कुणाचाही माल नेण्याचा तुमचा धंदा असेल, तर २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा लागतो. त्याच्या कलम १७ मध्ये सरकारी बंदीमुळे नुकसान झाले तर वाहतूकदाराची सुटका आहे. पण लगेच पुढे अट आहे : योग्य काळजी घेतली असती तर नुकसान टळले असते, असे असेल तर ही सुटका मिळत नाही. बंदी आधीच जाहीर झाली होती आणि आरसी तुमच्याच हातात होती. न्यायालयात हा बचाव टिकेल, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे दावा लावण्याआधी, माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. ती आली आहे का पाहा. नसली तरी मुदत संपण्याची वाट बघत बसू नका, हे माझे प्रामाणिक मत. आडत्याकडून विक्रीपट्टी मागवा, किती माल विकला गेला आणि काय भावाने ते बघा, आणि प्रत्यक्ष नुकसानीवर तडजोड करून ती लिहून घ्या. पुढच्या हंगामातही तुम्हाला त्याच बागांतून माल भरायचा आहे.

२०१९ ची गाडी बीएस-४ असल्यास ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिल्लीला न्या. पीयूसी चालू ठेवा, बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) 'डाळिंब' स्पष्ट लिहा. ग्रॅपचा चौथा टप्पा लागला तर तिथे ते उपयोगी पडेल. एजंट 'अत्यावश्यक सेवा' लिहिलेले स्टिकर विकत देत असेल, तर घेऊ नका. त्यातून फसवणुकीचा गुन्हा अंगावर येऊ शकतो. २०१४ ची गाडी वाशी, हैदराबाद, बेंगळुरूला चालवा. दिल्लीची ही बंदी तिकडे लागू नाही.