वडील ६७ वर्षांचे आहेत, या वयात फोटोग्राफी शिकता येईल का? गावात ज्येष्ठांसाठी वर्ग कसा सुरू करावा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील एसटीत वाहक होते, आई जाऊन वर्ष झालं, दिवसभर फोन हातात असतो पण मन त्यात नसतं. मध्येच एकदा म्हणाले, फोटो काढायला शिकायचं राहूनच गेलं. आता त्यांच्या वयाच्या पाच-सहा जणांना जमवून गावात वर्ग सुरू करावा असं तुमच्या मनात आहे. या वयात जमेल का आणि कॅमेरा कोणता घ्यावा, एवढं तुम्ही विचारलंय.

जमतं. आणि कॅमेरा घेऊ नका, निदान पहिलं वर्षभर तरी नाही. हातातला फोन पुरे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याचा. तीसेक वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, आता मुलगा बघतो. चार वर्षांपासून दर रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत साठीच्या पुढच्यांचा फोटोचा वर्ग घेतो. शेतकरी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, रेल्वेतले दोघं आहेत, घर सांभाळलेल्या बाया आहेत. पहिल्या तुकडीत चौदा जण आले होते. मी फळ्यावर अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र), शटर (ते किती वेळ उघडं राहतं), आयएसओ (उजेड किती टिपायचा) असा त्रिकोण काढला आणि दोन रविवार तेच समजावलं. तिसऱ्या रविवारी पाच जण उरले. एकाच्या मुलाने हौसेने महागडा डीएसएलआर कॅमेरा आणून दिला होता, तो बॅगेसह कपाटात गेला. वजनाने मान दुखते आणि बटणांवरची अक्षरं दिसत नाहीत, असं ते मला खूप नंतर बोलले.

वर्ग बदलला तो एका वाईट प्रसंगामुळे. त्या उरलेल्या पाचांत एक जिभाऊ होते, निवृत्त शिक्षक. पत्नी वारली होती आणि तिचे शेवटच्या दोन-तीन वर्षांतले सगळे फोटो त्यांच्या फोनमध्येच होते. फोन अडकायला लागला म्हणून दुरुस्तीला टाकला. दुकानातल्या पोराने न विचारता तो फॉरमॅट केला. फोन सुरळीत झाला, फोटो गेले. जिभाऊ रविवारी आले, नेहमीच्या जागी बसले, फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि तासभर एक शब्द बोलले नाहीत. पुढे नातेवाइकांकडे शोधाशोध करून तीन फोटो मिळाले, तेही व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून बारीक झालेले. त्यात एक होता ओट्यावर सूप घेऊन तूर निवडतानाचा. तो मी पोस्टकार्डाएवढा छापून दिला. त्याहून मोठा केला असता तर चेहरा फुटला असता.

तेव्हापासून आमच्या वर्गाचा एकच पक्का नियम आहे: दर रविवारी प्रत्येकाचा एक फोटो कागदावर आला पाहिजे. चार बाय सहाचा, मॅट कागदावर. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि वयस्कर डोळ्यांना फोटोऐवजी ट्यूबच दिसते. फोटो टेबलावर पसरतात, ज्याचा त्याने उचलायचा, तो का काढला ते सांगायचं आणि मागे पेनाने तारीख, गाव, माणसाचं नाव लिहायचं. माझ्या मते वर्ग टिकतो तो इथे. फोनमधला फोटो बोटाने पुढे ढकलला की संपला. कागदावरचा हातात राहतो, घरी जातो, देव्हाऱ्याशेजारी किंवा कपाटाच्या काचेत लागतो, शेजारीण विचारते कोणी काढला म्हणून. तुम्ही वर्गासाठी पैसे जमवणार असाल तर पहिला खर्च प्रिंटचा धरा.

दुसरी गोष्ट आकड्याची. माझ्या लहानपणी घरी आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता, त्याच्या एका रोलमध्ये बाराच फोटो निघायचे. वर्गातही मी तेच ठेवलं, आठवड्याला बारा. फोनमध्ये हजारो मावतात हे खरं, पण हजारांतून एक निवडणं हे वयस्कर माणसाला दमवणारं काम आहे. मागचे गुड मॉर्निंग आधीच मेमरी भरून बसलेले असतात. ते फोन हातात घ्याल त्या पहिल्याच दिवशी शेजारी बसून, एकेक विचारून काढा. परस्पर काढू नका, त्यात कोणा गेलेल्याचा शेवटचा निरोप असू शकतो. बारा म्हटलं की माणूस थांबतो, बघतो, मग दाबतो.

हातांचं आणि डोळ्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण तरुण शिकवणारे इथेच चुकतात. वयाने बोटांची कातडी कोरडी होते, स्क्रीनला स्पर्शच कळत नाही, मग माणूस जोरात आणि जास्त वेळ दाबतो आणि फोन भलतंच काही करतो. लोक समजतात आपल्यालाच जमत नाही. त्यांना आवाजाचं बटण दाखवा. बहुतेक फोनमध्ये कॅमेरा चालू असताना ते दाबलं की फोटो निघतो, आणि ते बोटाला लागतं, कळतं. हात थरथरत असेल तर तीन सेकंदांचा टायमर लावा, दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा, नाहीतर निंबाच्या झाडाला पाठ टेका. काढण्याआधी लेन्स पुसायची, त्यासाठी जुन्या धोतराचा मऊ तुकडा खिशात ठेवायचा. निम्मे धूसर फोटो लेन्सवरच्या तेलकट बोटामुळे असतात.

डोळ्यांचं असं की साठीच्या माणसाच्या डोळ्यात आतपर्यंत पोहोचणारा उजेड विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांश असतो. बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळसर होतं. म्हणून फोनचा उजेड पूर्ण वाढवून द्या आणि फोनचा पहिला वर्ग खिडकीपाशी, पण उन्हाकडे पाठ करून घ्या. आमच्या एक अक्का फोटोंचे रंग नेहमी भडक करायच्या, मी कितीही सांगितलं तरी. मग एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पुढच्या रविवारी आल्या, एकदा एक डोळा झाकून, एकदा दुसरा झाकून दाराबाहेर बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आभाय इतलं निळं व्हतं का रे भाऊ?” त्या दिवशी त्यांनी आपले जुने सगळे फोटो उघडून रंग कमी केले. तोवर त्यांच्या चुका काढत होतो याचं मला वाईट वाटलं. त्यांना जसं दिसत होतं तसंच त्या करत होत्या.

उजेड मात्र आपल्या लोकांना शिकवावा लागत नाही, फक्त आठवून द्यावा लागतो. ज्याने आयुष्यभर कपाशी वेचली त्याला सकाळचं ऊन कुठून कुठे सरकतं ते माहीतच असतं. आपल्याकडचं वैशाखातलं दुपारचं ऊन फोटोला वाईट. डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते आणि फोनही तापून बंद पडतो. सकाळी नऊच्या आत, संध्याकाळी पाचनंतर, आणि मधल्या वेळात उंबरा. माणसाला उंबऱ्याच्या आत हातभर बसवायचं, तोंड बाहेर. याहून चांगला उजेड मी स्टुडिओत हजारोंचे दिवे लावूनही केला नाही. एकच अडचण येते, पांढरी टोपी आणि पांढरा सदरा. पांढरं जास्त असलं की फोन फोटो काळवंडतो आणि चेहरा कोळशासारखा येतो. चेहऱ्यावर बोट टेकवलं की फोन चेहऱ्याचा उजेड धरतो. एवढं कळलं की गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे चेहरे उजळतात.

शटर म्हणजे काय ते मी आता फळ्यावर शिकवत नाही. ते मला एका मायने शिकवलं. वय ७२. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जाऊबाईंच्या हातचे मांडे फोटोत धरायचे असा तिचा हट्ट. खापरावरचे मांडे तुम्ही पाहिलेच असतील. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि उपड्या खापरावर टाकायचा. पहिल्या दिवशी तिने चुलीपाशी बसून सहा फोटो काढले आणि सहाही फोटोंत मांड्याच्या जागी नुसता पांढरा धूर. मी म्हटलं, घरात उजेड कमी, म्हणून फोन डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, तेवढ्यात मांडा हलतो. चूल अंगणात घ्या. बाहेर फोन डोळा पटकन मिटतो. दुसऱ्या दिवशी चूल अंगणात आली. तरी क्षण निसटतच होता. मग ती फोन खाली ठेवून नुसतं बघत बसली. तिला कळलं की जाऊबाई चार झोके देतात आणि चौथ्याच्या शेवटी मांडा क्षणभर हवेत थांबतो. चौथ्या झोक्याला बटण. मांडा दोन्ही कोपरांवर ताणलेला, मागून कोवळं ऊन आल्यामुळे आरपार दिसणारा, आतलं पुरण ढगासारखं कुठे दाट कुठे विरळ, आणि त्यामागे जाऊबाईंच्या बांगड्या. रविवारी प्रिंट हातात दिली तर ती बराच वेळ बघत राहिली. “हाऊ फोटो मन्हा शे?” मी म्हटलं, तुमचाच. तिने दोन प्रती मागितल्या, एक जाऊबाईंना.

चार झोक्यांचा ताल मला कळला नसता. मी तीस लग्नसराया केल्या, पण खापरासमोर पन्नास वर्षं ती बसली होती. म्हणून वडिलांना वडाचं झाड, सूर्यास्त, फूल असे विषय देऊ नका. जे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे तेच द्या. आमच्याकडे रेल्वेतले आबा आहेत, त्यांना एकच खंत. पाचोरा–जामनेर छोटी गाडी, आपली पी.जे., रोज डोळ्यांसमोरून गेली, करोनात बंद पडली, आणि त्यांच्याकडे तिचा स्वतः काढलेला एकही फोटो नाही. आता ते ज्यांनी त्या गाडीने प्रवास केला त्यांचे चेहरे काढत हिंडतात. मागे लिहितात, कोण, कोणत्या स्टेशनावरून, कशासाठी जायचा.

वयाचं म्हणाल तर आपल्याच भागात बघा. अजिंठ्याची चित्रं उतरवायला १८४४ मध्ये नेमलेला मेजर रॉबर्ट गिल पन्नाशी उलटल्यावर कॅमेऱ्याकडे वळला. त्याने काढलेले लेण्यांचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकात आले तेव्हा तो साठीला टेकला होता. त्याने रंगवलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, फोटो उरले. १८७९ मध्ये तो गेला, त्याची कबर भुसावळला आहे. आणि चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) तर कित्येक दशकं जवळजवळ घराबाहेर न पडता जगभर नावाजले गेले. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांचं निसर्गदृश्य करायचे आणि त्याचा फोटो काढायचे. त्यांचं घर स्टेशनजवळच आहे. आम्ही वर्ग घेऊन गेलो होतो. येताना गाडीत गुडघ्यांनी बेजार असलेले एक आप्पा म्हणाले, मग मला बाहेर जायची गरजच काय? पुढचे दोन महिने त्यांनी खिडकीपाशी पाट मांडून बिब्बे, सुपारी, अडकित्ता, जुन्या पावत्या यांचे फोटो आणले. ज्यांना चालवत नाही त्यांना मागे सोडू नका, खिडकी आणि पाट द्या.

बाकी थोडक्यात. बाया येतील असं बघा, त्यासाठी वेळ स्वयंपाकाच्या आधीची किंवा नंतरची ठेवा आणि एखाद्या बाईलाच पुढे करा. कोणाचाही फोटो विचारून काढायचा, लेकीसुनांचा तर नक्कीच, आणि विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकायचा नाही. नातवंडांना शिकवायला बसवू नका. ती फोन हातातून काढून घेतात आणि “मी करून देतो” म्हणतात, तिथे शिकणं थांबतं. आठांपेक्षा जास्त जण घेऊ नका. महिन्यातून एकदा सगळे फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि दुसरी प्रत घरच्या दुसऱ्या माणसाकडे ठेवा. जिभाऊंचं झालं ते पुन्हा कोणाचं होऊ नये.

पहिल्या रविवारी फोनला हात लावू नका. प्रत्येकाला घरातला एक जुना फोटो घेऊन यायला सांगा, लग्नातला, शाळेतला, कोणताही. तो कोणी काढला, ऊन कुठून येतंय, कोण उभं राहायला तयार नव्हतं, हे बोलू द्या. दोन तास सहज जातात. तुमचे वडील बहुधा आईबरोबरचा आणतील. बोलता बोलता थांबले तर घाई करू नका.

आणि त्यांना पहिला विषय मी सुचवू का? तीस वर्षं ज्या फाट्यांवर त्यांनी घंटीची दोरी ओढली, त्यातला एक फाटा निवडायला सांगा. सकाळच्या पहिल्या गाडीला तिथे जायचं, बारा फोटो. कोण चढतं, कोण उतरतं ते त्यांना आधीच माहीत असेल. त्यातला एक छापून आला की मला जरूर दाखवा.