पुणे शोधलं, पुण्याला हरवलं

वाचकांचे प्रश्न : टिपणं आणि त्यांची ॲप

प्रश्न : मी स्थानिक इतिहासाची टिपणं फोनवर मराठीत लिहितो. हजारावर नोंदी झाल्या आहेत. ‘पुणे’ शोधलं की मोजक्याच समोर येतात, बाकीच्या आहेत हे ठाऊक असूनही दिसत नाहीत. ॲप बदलू का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : बदलून फार फरक पडेल असं नाही, कारण अडचण ॲपपेक्षा मराठीच्या घडणीत आहे. तुमच्या नोंदींत ‘पुण्याला’, ‘पुण्याहून’, ‘पुण्यातल्या’ असंच जास्त असणार. विभक्ती लागताना नामाचं सामान्यरूप होतं, आणि ॲप मात्र अक्षराला अक्षर जुळवून पाहतं. ‘पुणे’मधली मात्रा ‘पुण्याला’मध्ये नाहीच, मग जुळणार काय? ‘घर’ शोधून ‘घरात’ बहुधा सापडतं. ‘पाणी’ शोधून ‘पाण्याचा’ किंवा ‘शाळा’ शोधून ‘शाळेत’ मात्र सापडत नाही.

शेवटचा स्वर गाळून शोधा : ‘पुण’, ‘पाण’, ‘शाळ’. काही ॲप शब्दाचा असा तुकडा जुळवतात, काहींना अख्खा शब्द लागतो. तुमचं कोणत्या जातीचं आहे ते पाच मिनिटांत कळेल. ‘पुण्याला गेलो’, ‘पाण्याचा टँकर’, ‘शाळेत सभा’, ‘शेतकऱ्यांचा मोर्चा’ आणि ‘ॲडव्हान्स १४’ अशा पाच नोंदी करा. मग ‘पुण’, ‘पाण’, ‘शाळ’, ‘शेतक’ आणि ‘14’ शोधा. फोनवर आणि संगणकावर वेगवेगळं करून पाहा, कारण एकाच ॲपचा शोध दोन्हीकडे सारखा चालेलच असं नाही. पहिल्या चार शोधांपैकी तिनांहून कमी शोधांना उत्तर मिळालं, तर मराठी लिहिणाऱ्याने त्या ॲपात मोठा संग्रह उभा करू नये. बाकी सुविधा कितीही देखण्या असोत.

‘14’चा प्रयोग मुद्दाम सांगितला. संगणकाच्या लेखी १४ आणि 14 ही वेगळी चिन्हं आहेत. कोणतेही एकच अंक ठरवा आणि तारखा वर्ष-महिना-दिवस अशा लिहा. तारीख शीर्षकाच्या सुरुवातीला असेल तर शीर्षकानुसार लावलेल्या नोंदी आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

आणखी दोन चकवे डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘शेतकऱ्या’तला ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो. काही कीबोर्ड त्यासाठी वेगळं ऱ वापरतात, काही साध्या र-ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. ‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामाईक अक्षरसूचीत, २००८ साली आलं. त्याआधी लोक अ-वर चंद्र देत, आणि काही कीबोर्ड आजही तेच करतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात जुळत नाहीत. म्हणून फोन आणि संगणकावर शक्य तो एकाच पद्धतीचा कीबोर्ड ठेवा आणि शोधताना ही अक्षरं टाळून शब्दाचा उरलेला भाग लिहा.

हजार नोंदी दुरुस्त करत बसू नका. यापुढे प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ घाला : ‘खूण : पुणे, पाणी, शेतकरी’. मूळ रूपातले तीन-चार शब्द पुरेत. जुनी नोंद कधी उघडलीत तर तिलाही ओळ जोडून टाका. साधा मजकूर असल्याने पुढे ॲप बदललं तरी ही ओळ सोबत येते. टॅगच्या, म्हणजे ॲपने नोंदीला लावलेल्या विषय-चिठ्ठीच्या, बाबतीत तशी खात्री नसते.

जुने लेख श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमधून चिकटवले असतील तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर ॲपला ते मराठी वाटतच नाही.

प्रश्न : गूगल कीपमध्ये बाराशे नोंदी आहेत. आता नवं लेबल घेता येत नाही. सगळ्या मैत्रिणी नोशन वापरतात. मीही जाऊ का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : कीपमध्ये एका खात्याला ५० लेबलं मिळतात, ती तुमची संपली. पण ५० लेबलं लागली याचा अर्थ तुम्ही लेबलांना विषयसूची केलंत. तासांच्या मधे उभ्याउभ्या टिपणाऱ्या माणसाला कीपच बरं. उघडलं, टाकलं, मिटलं. नोशनमध्ये आधी कोणतं पान, मग कोणता तक्ता हे ठरवावं लागतं, आणि घंटा झाल्यावर तेवढी उसंत कुणाला असते!

लेबलं सहा-सातच ठेवा : वर्ग, पालक, कार्यालय, घर अशी. विषय नोंदीच्या पहिल्या ओळीत लिहा. काम झालेली नोंद पुसू नका, आर्काइव्ह करा. ती समोरून हलते आणि शोधात सापडत राहते. पुसलेली मात्र कचरापेटीत सातच दिवस टिकते.

जपून ठेवायचं लांब लेखन कीपमध्ये साठवू नये. आठवड्यातून एकदा संगणकावर कीप उघडा, एका विषयाच्या नोंदी निवडा आणि तीन ठिपक्यांच्या मेनूतून त्यांची गूगल डॉक्समध्ये प्रत काढा. सगळ्या एकाच दस्तऐवजात येतात. ४० मुलांच्या गुणांची, फीची किंवा हजेरीची माहिती असेल तर ती टिपणं नव्हेत, तो तक्ता आहे. त्यासाठी गूगल शीट उघडा. नोशनची गरज उरलीच, तर ती शीटही अपुरी पडल्यावर.

प्रश्न : एव्हरनोटमध्ये माझी दहा वर्षांची कात्रणं आणि टिपणं आहेत. मोफत खात्यात आता नवी नोंद होत नाही. काहीही न हरवता बाहेर कसं पडायचं?
– एक अनुवादक, ठाणे

उत्तर : डिसेंबर २०२३मध्ये मोफत खात्यावर ५० नोंदी आणि १ वही अशी मर्यादा आली. जुन्या नोंदी वाचता येतात, बाहेरही काढता येतात, त्यामुळे घाई करू नका.

संगणकावरचं ॲप घ्या, फोनवर हे काम होत नाही. एकेक वही निवडून ईनेक्स या एव्हरनोटच्या फाइल-प्रकारात निर्यात करा. सगळं एकाच फाइलमध्ये कोंबायचा मोह टाळा, कारण या फाइलमध्ये टॅग येतात, वहीचं नाव येत नाही. वहीचं नाव फाइललाच द्या. जॉप्लिन या टिपणांच्या दुसऱ्या ॲपमध्ये आयात करताना त्या नावाची वही आपोआप तयार होते. तिथे मार्कडाउन (साध्या खुणांचा मजकूर) आणि एचटीएमएल (वेबपानाची मांडणी) असे दोन पर्याय दिसतील. स्वतः लिहिलेल्या टिपणांना मार्कडाउन द्या. वेबवरून जशीच्या तशी उचललेली कात्रणं मार्कडाउनमध्ये विस्कटतात, त्यांना एचटीएमएल द्या. म्हणजे कात्रणं आधीच वेगळ्या वहीत हलवून ठेवलीत तर सोपं जाईल.

मग प्रत्येक वहीतल्या नोंदींचे आकडे दोन्हीकडे ताडून पाहा. आकडा जुळला तरी चित्र, पीडीएफ आणि तक्ता असलेल्या दहा नोंदी उघडून बघाच. एका नोंदीतून दुसरीकडे दिलेले दुवे तुटू शकतात, तुटलेले हातानेच जोडावे लागतील. जुनं खातं निदान एक महिना बंद करू नका आणि ईनेक्स फाइली वेगळ्या डिस्कवर ठेवा.

जॉप्लिन ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हमार्फत उपकरणं जुळवतं. त्यात कूटबद्धीकरण (पासवर्डशिवाय मजकूर वाचता न येण्याची सोय) सुरू केलंत तर त्याचा पासवर्ड कागदावरही लिहा. तो विसरलात तर साठवलेलं उघडून देणारा कुणी नाही.

प्रश्न : कामाच्या गावांत नेटवर्क नसतं. तिथे फोनवर टिपतो आणि रात्री मुक्कामी आल्यावर लॅपटॉपवर अहवाल लिहितो. काय वापरू?
– एक कार्यकर्ता, गडचिरोली

उत्तर : ऑब्सिडियन. त्यात प्रत्येक टिपण म्हणजे फोल्डरमधली साधी मजकुराची फाइल असते. ॲप उद्या गेलं तरी ती नोटपॅडमध्ये उघडेल. नोशन ऑगस्ट २०२५पासून नेटशिवाय चालतं, पण पान आधी नेट असताना उतरवून ठेवावं लागतं आणि त्याची उपपानं आपोआप उतरत नाहीत. आणि न उतरवलेलं पानच नेमकं गावात पोचल्यावर हवं असतं!

एकाच फोल्डरवर दोन जुळवणी-सेवा (फोन आणि लॅपटॉपवरच्या फाइली सारख्या ठेवणाऱ्या सेवा) लावू नका. त्या एकमेकींच्या फाइली बदलत राहतात आणि एका टिपणाच्या दोन प्रती होतात. मुक्कामी आलात की आधी फोनवर ॲप उघडून जुळवणी पुरी होऊ द्या, मग लॅपटॉप. तसंच दोन्हीकडे एकच टिपण रोज पुढे लिहीत जाण्यापेक्षा दिवसाला एक नवी फाइल करा, गावाचं नाव आणि तारीख शीर्षकात घालून. गावकऱ्यांची नावं, आजार असं काही टिपत असाल तर नावाऐवजी क्रमांक लिहा आणि क्रमांकांची यादी कागदाच्या वहीत ठेवा.