तारामासा कोणत्या रकान्यात लिहायचा?

प्रश्न : प्रौढ तारामासा अरीय सममितीचा (मध्याभोवती सारखे भाग मांडलेला), पण वर्गीकरणाच्या तक्त्यात तो गांडूळ, कीटक यांच्यासोबत द्विपार्श्व, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी असलेल्या प्राण्यांत असतो. खरे काय? आणि नमुना समोर असताना सममिती ओळखायची कशी?

उत्तर : दोन्ही खरे. तारामाशाची बायपिन्नेरिया अळी स्पष्ट डावी-उजवी असते. रूपांतरण होताना तिच्या डाव्या बाजूच्या देहगुहेच्या (शरीरातील पोकळीच्या) कप्प्यापासून जलवाहिका तंत्र, म्हणजे पाण्याच्या नळ्यांचे जाळे घडते आणि शरीर पाच भागांत मांडले जाते. वर्गीकरण वंशावरून होते, म्हणून तो द्विपार्श्व गटात. उत्तरात ‘अळी द्विपार्श्व, प्रौढ पंचअरीय’ असे लिहा. नुसते ‘अरीय’ अपुरे आहे.

नमुन्यात आधी तोंड शोधा. तोंडापासून विरुद्ध टोकापर्यंतची रेषा हा अक्ष. काल्पनिक काप या अक्षातूनच, उभा गेला पाहिजे. हायड्राला (नळीसारख्या लहान पाणप्राण्याला) आडवा छेदून ‘दोन भाग सारखे नाहीत, म्हणजे असममित’ असे लिहिणारे बरेच असतात. चूक कापाच्या दिशेत असते. आता अक्षाभोवती काप फिरवत सारखे अर्ध किती वेळा मिळतात ते मोजा. तारामाशात पाच वेळा : दर वेळी एका बाहूच्या मधून आणि समोरच्या दोन बाहूंमधल्या खाचेतून. पण पाठीवरची चाळणीसारखी चकती, मॅड्रेपोराइट, मध्यापासून बाजूला असते. तीही जमेस धरली तर काप एकच उरतो! समुद्रफुलाचे तोंड फटीसारखे लांबट, म्हणून तेही काटेकोरपणे पाहता पूर्ण अरीय नाही.

द्विपार्श्व प्राण्यात काप एकच, कारण पुढचे-मागचे टोक वेगळे आणि पाठ-पोटही वेगळे. यकृत उजवीकडे आहे म्हणून माणसाला असममित ठरवू नका. इथे शरीराचा एकूण आराखडा बघायचा.

सममितीतल्या या फरकाचे कारण जगण्याच्या रीतीत आहे. चिकटून बसणाऱ्या किंवा तरंगणाऱ्या प्राण्याला अन्न आणि धोका कुठूनही येतो. चंद्र जेलीफिशची आठ संवेदनेंद्रिये छत्रीच्या कडेवर सभोवार असतात, मेंदू नसतो. एकाच दिशेने सरकणाऱ्या प्लॅनेरिया या चपट्या कृमीचे डोळे आणि चेतागुच्छ (चेतापेशींचे पुंजके) मात्र पुढच्या टोकाला एकवटलेले असतात.

प्रश्न : मग समुद्री काकडी?

उत्तर : तीही तारामाशाच्याच कंटकचर्मी गटातली, पंचअरीयच, पण कुशीवर पडून सरपटते. अनेक जातींत नालिकापादांच्या (नळीसारख्या छोट्या पायांच्या) तीन ओळी खाली, दोन वर जातात. त्यामुळे वरून ती पुन्हा द्विपार्श्व दिसते.