रिमोट ज्याच्या हाती, तेत्सुजिन त्याचा

प्रश्न : ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर जायंट रोबोटची मालिका लागायची. जॉनी हा मुलगा घड्याळात बोलून त्या अवाढव्य रोबोटला हुकूम सोडायचा. ‘तेत्सुजिन २८-गो’ ही जपानी चित्रकथा म्हणजे तीच का? इतकी जुनी चित्रकथा आज वाचण्यासारखी आहे का? (सातारा)

उत्तर : कथा वेगळ्या, पण दोन्हींचे जनक एकच : मित्सुतेरु योकोयामा. ‘तेत्सुजिन’ म्हणजे लोहपुरुष आणि ‘२८-गो’ म्हणजे क्रमांक २८. ही मांगा ‘शोनेन’ मासिकात १९५६ ते १९६६ अशी दहा वर्षं चालली. तुम्ही पाहिलेली २६ भागांची मालिका योकोयामांच्याच १९६७ सालच्या ‘जायंट रोबो’वरून केलेली.

दोन्हींतला फरक हुकूम देण्याच्या साधनात आहे, आणि तेत्सुजिनची सगळी गंमत तिथेच आहे. जॉनीचा रोबोट फक्त जॉनीच्या आवाजाला ओ देतो. शेवटच्या भागात तर हुकूम नसताना स्वतःहून बलिदान करतो, म्हणजे त्याला मन आहे. तेत्सुजिनला मन नाही. महायुद्धासाठी गुप्त शस्त्र म्हणून तो घडवलेला. दोन दांडे आणि एक अँटेना असलेली पेटी ज्याच्या हाती, त्याचं तो ऐकतो. आज ती शोतारो कानेदा या छोट्या गुप्तहेराकडे असते, उद्या गुन्हेगारांनी पळवली की तोच लोहपुरुष शहरावर उलटतो. त्यामुळे मारामारीपेक्षा जास्त धाकधूक पेटी कुठे आहे याची असते. योकोयामा कोबेचे. बाँबफेकीत बेचिराख झालेलं ते शहर त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. शस्त्राला स्वतःचं बरंवाईट कळत नाही, हे त्यांनी मुलांना उपदेशाचा एक शब्द न घालता सांगितलं. म्हणून ती आजही जरूर वाचावी.

प्रश्न : मांगा वाचताना घटनांचा क्रम उलटसुलट लागतो. (पणजी)

उत्तर : पान डावीकडून वाचत असाल. जपानी पद्धतीने छापलेलं पुस्तक आपल्या मलपृष्ठाच्या बाजूने उघडा. वरच्या उजव्या चौकटीपासून डावीकडे जा, मग खालची ओळ. एका चौकटीतले संवादाचे फुगेही उजवीकडून डावीकडे. तेत्सुजिनमध्ये ही चूक जास्तच जाणवते : ठोसा आधी बसतो आणि शोतारो दांडा नंतर ओढतो!

प्रश्न : मुलगी चित्रात रोबोट पानभर मोठा काढते, तरी तो खेळण्यातलाच वाटतो. (नाशिक)

उत्तर : दोष बहुतेक क्षितिजरेषेचा आहे. ती रोबोटच्या कमरेशी आली की पाहणारा तिसऱ्या मजल्यावर उभा असल्यासारखा होतो आणि रोबोट बुटका दिसतो. ए-फोर कागद उभा धरा. रोबोट १८ मीटरचा माना. कोबेच्या नागाता भागात २००९ साली उभारलेला तेत्सुजिनचा पुतळा सरळ ताठ उभा राहिला तर तेवढाच भरेल. कागदावर त्याची उंची २४ सेंटिमीटर घ्या, म्हणजे १ मीटरला साधारण १.३ सेंटिमीटर पडतात. माणसाचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर, तेव्हा क्षितिजरेषा रोबोटच्या तळपायापासून बरोबर २ सेंटिमीटरवर आखा. त्याच्या पायाशी उभा माणूस सव्वादोन सेंटिमीटरचा होईल. सपाट जमिनीवरची बाकीची मोठी माणसं जवळ असोत वा दूर, सगळ्यांचे डोळे त्याच रेषेवर ठेवा. लांबच्यांचे फक्त पाय वर सरकतील. इथेच मुलं सर्वाधिक चुकतात.

शेजारी सहा मजली इमारत काढा, मजल्याला ४ सेंटिमीटर. आठ मीटरचा विजेचा खांब साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे रोबोटच्या कमरेखालीच राहतो. माप कळायला असा ओळखीचा खांब फार उपयोगी पडतो.

कमरपट्टा, मनगटाच्या कडा, गळपट्टी यांची पुढची कड इंद्रधनुष्यासारखी वर वाकवा, आणि जसजसं वर जाल तसतसा बाक वाढवा. ती खाली झोळीसारखी लोंबली तर आपण वरून पाहतोय असं वाटतं. डोकं मात्र लहानच ठेवा. अंगावर खिळे आणि नटबोल्ट खच्चून भरू नका. योकोयामांनी हे धूड मोजक्याच रेषांत उभं केलं : गोलसर धड, टोकदार नाक आणि पाठीवर दोन रॉकेटं.