बारशाच्या मिनीडीव्ही कॅसेटी (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटी) संगणकावर घ्यायच्या आहेत. कॅमेऱ्याची यूएसबी वायर चालेल का?

यूएसबीच्या नादी लागू नका, कॅमेऱ्यावर ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ लिहिलेलं छोटं सॉकेट असतं, त्याला फायरवायरची (कॅमेरा संगणकाला जोडायची, यूएसबीहून वेगळी) वायर लावूनच कॅसेटी उतरवा. घरच्या वीसेक कॅसेटी मी अशाच उतरवल्या आहेत. मिनीडीव्हीवर चित्र मुळातच डिजिटल असतं आणि फायरवायरने ते जसंच्या तसं येतं. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत यूएसबी मेमरी कार्डावरचे फोटो काढण्यापुरतीच असे. तासाभराच्या कॅसेटला पूर्ण तास लागतो आणि साधारण १३ जीबी जागा, तेव्हा घाई असेल त्या दिवशी बसूच नका. आजकालच्या लॅपटॉपला फायरवायर नसते, जुन्या डेस्कटॉपमध्ये फायरवायरचं कार्ड बसवून घेणं सोपं. कॅसेट वर्षानुवर्षं पडून असेल तर आधी एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून मागे घ्या, चिकटून बसलेली टेप मोकळी होते. मात्र कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी समजा आणि ती कॅसेट कॅमेऱ्यात अजिबात घालू नका. कॅमेऱ्याचं हेड (टेप वाचणारा भाग) तर खराब होईलच, पुढच्या चांगल्या कॅसेटींनाही ती लागेल.