टाइमशेअरची पुनर्विक्री, राजकीय देणग्या आणि तक्रारीचा उपयोग

ताई,

आपण विचारलेल्या दोन गोष्टींपैकी (फसवणुकीची तक्रार आणि राजकीय देणग्या) दुसरीमुळे पहिली सोडून देण्याच्या बेतात आपण आहात असे वाटले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या सासऱ्यांनी ऑरलँडोमधला टाइमशेअरचा आठवडा (रिसॉर्टमधली जागा दरवर्षी एक आठवडा वापरण्याचा विकत घेतलेला हक्क) विकायला काढला. फ्लोरिडातून एकाने फोन करून ‘गिऱ्हाईक तयार आहे, जाहिरातीचे आणि कागदपत्रांचे २,३०० डॉलर तेवढे भरा’ असे सांगितले, त्यांनी ते क्रेडिट कार्डावर भरले आणि आता तो माणूस फोन उचलत नाही. फ्लोरिडात अ‍ॅटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या) निवडणुकीला टाइमशेअर कंपन्या देणग्या देतात, मग त्याच कार्यालयाकडे तक्रार करून काय हाती लागणार, असा आपला सवाल आहे.

तक्रार जरूर करावी. देणगी देणारे आणि आपल्या सासऱ्यांना फसवणारे हे दोन निरनिराळे लोक आहेत, आणि या एका बाबतीत त्यांचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत. देणग्या येतात त्या रिसॉर्ट बांधून आठवडे विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून. फसवणारे मात्र भाड्याच्या खोलीत दहा-वीस टेलिफोन मांडून बसलेले असतात, सहा महिन्यांनी नाव बदलतात आणि त्यांच्यामुळे बदनामी होते ती संपूर्ण टाइमशेअर धंद्याची. म्हणूनच फ्लोरिडाने २०१२ मध्ये टाइमशेअर पुनर्विक्रीचा कायदा केला तेव्हा त्या उद्योगाची संघटना कायद्याच्या बाजूने उभी होती. विकत घ्यायला कोणी तयार नसताना गिऱ्हाईक तयार असल्याचे सांगणे या कायद्याने बेकायदा ठरवले, जाहिरातीचा करार लेखी हवा अशी अट घातली, सात दिवसांत तो रद्द करण्याचा हक्क मालकाला दिला आणि प्रत्येक उल्लंघनास १५,००० डॉलरपर्यंत दंड ठेवला. सासऱ्यांना फोनवर जे वाक्य ऐकवले गेले, त्याच वाक्यासाठी हा कायदा लिहिला गेला आहे.

तरीही देणग्यांचा परिणाम होत नाही असे मी म्हणणार नाही. तो होतो, फक्त आपण शोधता आहात तिथे होत नाही. फसवणूक करणाऱ्याला सावज मिळते कुठून, हे पाहिले की तो परिणाम दिसू लागतो. वीस हजार डॉलरच्या आसपास देऊन घेतलेला आठवडा, त्यावर वर्षाला हजाराच्या घरात किंवा त्याहून अधिक जाणारा मेंटेनन्स, गुडघे दुखायला लागल्यावर बंद झालेला प्रवास, मुलांना त्यात रस नाही आणि बाजारात किंमत जवळजवळ शून्य. ईबेवर असे आठवडे एका डॉलरला विकायला ठेवलेले मी स्वतः पाहिले आहेत. कंपनी तो परत घेतेच असे नाही. काही कंपन्या घेतात, पण कर्ज फिटलेले हवे, मेंटेनन्सची थकबाकी नको, अशा स्वतः ठरवलेल्या अटींवर. या कोंडीत सापडलेल्या माणसाला कोणी ‘गिऱ्हाईक आहे’ म्हटले की त्याचा विश्वास बसतो, कारण विश्वास ठेवण्याची त्याला गरज असते. विकणाऱ्या कंपनीने आठवडा परत घेतलाच पाहिजे असे बंधन फ्लोरिडाच्या कायद्याने घातलेले नाही. मूळ विक्रीच्या वेळी ग्राहकाला दहा दिवसांत करार रद्द करता येतो, आणि अकराव्या दिवसापासून तो एकटा असतो. उद्योगाची ताकद खर्च होते ती इथे, आणि माझ्या मते या प्रश्नातली सगळ्यांत गंभीर गोष्ट हीच आहे: देणगीदारांना नको असलेल्या भामट्यांवर कायदा झाला, पण त्या भामट्यांना रोज नवी शिकार पुरवणारी व्यवस्था जशीच्या तशी राहिली.

सासऱ्यांचे मेंटेनन्सचे शेवटचे बिल मिळाले तर काढून पाहा. बऱ्याच रिसॉर्टच्या बिलात एकूण रकमेच्या वर काही डॉलरची एक ओळ असते, ‘एआरडीए-आरओसी’ या टाइमशेअर मालकांच्या आघाडीच्या नावाने. ती ऐच्छिक वर्गणी असते आणि टाइमशेअर मालकांच्या नावाने कायदेमंडळांत बाजू मांडण्यासाठी ती वापरली जाते, मात्र ही आघाडी रिसॉर्ट बांधून विकणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेशी संलग्न आहे. आमच्या घरी ती ओळ आम्ही सात वर्षे न वाचता भरत होतो. ती वजा करून उरलेली रक्कम भरता येते. द्यायची की नाही हे आपले आपण ठरवावे, फक्त वाचून ठरवावे.

अ‍ॅटर्नी जनरलबद्दलची आपली शंका निराधार नाही. अमेरिकेतील ४३ राज्यांत हे पद निवडणुकीने भरले जाते. फ्लोरिडात उमेदवाराला थेट देण्याच्या देणगीवर मर्यादा आहे, पण राजकीय समित्यांना कितीही देता येते, आणि खरा पैसा तिकडून येतो. २०१३ मध्ये फ्लोरिडाच्या तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल पॅम बाँडी यांच्या समर्थक समितीला डोनाल्ड ट्रम्प यांच्या ट्रम्प फाउंडेशन या धर्मादाय संस्थेकडून २५,००० डॉलर मिळाले. ट्रम्प यांच्याच ‘ट्रम्प युनिव्हर्सिटी’ या प्रशिक्षण कंपनीविरुद्धच्या तक्रारींचे काय करायचे हा विषय त्याच सुमारास बाँडी यांच्या कार्यालयापुढे होता, आणि पुढे त्या कार्यालयाने खटला भरला नाही. धर्मादाय संस्थेला राजकीय देणगी देता येत नाही, म्हणून या देणगीबद्दल नंतर २,५०० डॉलर दंड भरावा लागला. देणगीच्या बदल्यात निर्णय घेतल्याचे मात्र सिद्ध झाले नाही, तशी तक्रार २०१७ मध्ये पुराव्याअभावी बंद झाली. आता दुसरी बाजू पाहा. टाइमशेअर पुनर्विक्रीचा २०१२ चा कायदा व्हावा म्हणून याच बाँडी यांनी पाठपुरावा केला होता, आणि त्यांच्याच कार्यालयाने अशा टोळ्यांवर खटलेही भरले. एकाच कार्यालयाचे हे दोन्ही चेहरे खरे आहेत. म्हणून एखाद्या पदाधिकाऱ्याला देणगी मिळाली एवढ्यावरून तक्रारीचे भवितव्य ठरवू नये. देणगी कोणाची आणि तक्रार कोणाविरुद्ध, हे शेजारी शेजारी मांडून पाहावे. फ्लोरिडाच्या निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर देणगीदाराचे नाव टाकून हे कोणालाही शोधता येते.

शिवाय सगळी मदार एका राज्यावर नाही. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षणाचे काम करणाऱ्या केंद्रीय आयोगाचे आयुक्त निवडणूक लढवत नाहीत. जून २०१३ मध्ये या आयोगाने राज्यांच्या आणि इतर देशांच्या यंत्रणांसह टाइमशेअर पुनर्विक्री आणि सहलींच्या बक्षिसांच्या फसवणुकीविरुद्ध १९१ कारवाया जाहीर केल्या होत्या. त्याच सुमारास या धंद्याचा मोठा भाग मेक्सिकोत, विशेषतः पुएर्तो वायार्ता आणि ग्वादालाहारा भागात, हलिस्को कार्टेल या अमली पदार्थांच्या टोळीच्या हाती जाऊ लागला. एफबीआयच्या आकड्यांनुसार २०१९ ते २०२३ या काळात मेक्सिकोतील टाइमशेअरच्या नावाखाली सुमारे ६,००० अमेरिकी लोकांनी जवळपास ३० कोटी डॉलर गमावले. २०२३ पासून अमेरिकी अर्थखात्याने या जाळ्यातील कंपन्या, त्यांचे हस्तक आणि २०२४ मध्ये तर त्यांचे हिशेबनीससुद्धा निर्बंधांच्या यादीत टाकले. ही नावे तपासयंत्रणांना कळतात ती बँकांच्या नोंदींतून आणि आपल्यासारख्यांच्या तक्रारींतून, म्हणून २,३०० डॉलरची तक्रारही क्षुल्लक नसते.

आता करायचे काय. सर्वांत आधी क्रेडिट कार्डाच्या बँकेला लेखी कळवा. ज्या बिलात ही रक्कम पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत पत्र पोहोचले पाहिजे. पैसे परत मिळण्याचा सर्वांत जवळचा मार्ग हाच आहे, आणि तो बंद होण्याची तारीख ठरलेली आहे. त्यानंतर फ्लोरिडा आणि न्यू जर्सी या दोन्ही राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे, फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवा. तक्रारीत राग लिहू नका, तारखा लिहा: फोन कधी आला, कोणत्या क्रमांकावरून आला, ‘गिऱ्हाईक तयार आहे’ हे शब्द नेमके कोणी वापरले, लेखी करार पैसे देण्यापूर्वी आला की नंतर, की आलाच नाही. ते वाक्य सासऱ्यांच्या स्मरणात जसे आहे तसे, त्यांच्याच तोंडून ऐकून उतरवून घ्या. आमच्या ओळखीच्या टॅम्पामधल्या एका काकांनी फोनशेजारच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने फोन करणाऱ्याचे नाव, वेळ आणि ‘मंगळवारी क्लोजिंग’ (म्हणजे विक्रीचा व्यवहार पुरा होणार) एवढेच लिहून ठेवले होते. त्यांच्या बँकेने रक्कम परत केली ती त्या पानाचा फोटो पाहून.

एक गोष्ट मात्र सासऱ्यांना आजच सांगा. येत्या काही आठवड्यांत त्यांना आणखी एक फोन येण्याची दाट शक्यता आहे. बोलणारा स्वतःला वकील किंवा सरकारी अधिकारी म्हणवेल, त्यांचे गेलेले पैसे सापडले आहेत असे सांगेल, रकमेचा आकडा अचूक देईल आणि सोडवणुकीचे शुल्क मागेल. आकडा त्याला माहीत असतो, कारण फसलेल्यांच्या याद्या या धंद्यात विकल्या जातात. अमेरिकी अर्थखात्याचे नाव घेऊनही असे फोन आलेले आहेत. खरे कार्यालय तक्रारदाराकडून पैसे मागत नाही. फोन ठेवावा, क्रमांक लिहून घ्यावा आणि तो आधीच्या तक्रारीला जोडावा. कार्डाच्या बिलावर कंपनीचे जे नाव छापून आले आहे ते इथे लिहू नका, मला खाजगी निरोपात कळवा, म्हणजे ती फ्लोरिडात नोंदलेली आहे का हे बँकेचे पत्र लिहिण्यापूर्वी पाहून घेऊ.