पावसाळ्यात शेळ्यांचे खुर कुजू नयेत म्हणून

प्रश्न : 6 दुभत्या शेळ्यांसाठी जांभ्याचा गोठा बांधायचा आहे. जागा किती लागेल? आमच्याकडे पावसाळ्यात शेळ्यांचे खुर कुजतात. – एक वाचक, कुडाळ

उत्तर : छपराखाली शेळीमागे 10 ते 12 चौरस फूट, पिल्लांसह एकूण 100 धरा, मोकळं आवार दुप्पट. पण कोकणात जागेपेक्षा ओल जास्त छळते. जमिनीपासून 3 फुटांवर पोफळीच्या रिपांची (लाकडी पट्ट्यांची) माच, म्हणजे उंच फळी, करा. दोन रिपांमधली फट दीड सेंटीमीटर, म्हणजे लेंड्या खाली पडतात, खूर कोरडे राहतात. पिल्लांच्या कप्प्यात फट 1 सेंटीमीटरच, नाहीतर पाय अडकून मोडतो.

जांभा कमरेपर्यंत पुरे, वर जाळी. झड येते म्हणून गोठा बंद केला की मुताचा अमोनिया कोंडतो, शेळ्या खोकू लागतात. त्यापेक्षा वळचण 3 फूट बाहेर काढा. बोकड लांब बांधा. दुधाला त्याचा वास लागतो.